चावी तुझ्याकडेच ठेव

मंगळवारी सकाळी सातला मॉयरा मक्याचं पीठ शिजवते
वीस लिटरच्या पातेल्यात, काकवी घालून,
आणि तिसऱ्या मजल्याच्या जिन्यापर्यंत
ग्लासगोला गुऱ्हाळाचा वास येतो.

बाहेर नोव्हेंबर. क्लाइडवरून आलेला वारा
खिडकीच्या फटीत बोट घालून बसलेला.
आत पंचवीस अंश, कायम पंचवीस.
बारा तास उजेड, बारा तास अंधार,
आणि कापसाचं बूच लावलेल्या नऊशे बाटल्यांत
माझी चिलटं.

चिलटंच म्हणते मी.
शोधनिबंधात त्यांना भारदस्त लॅटिन नाव असतं,
पण सावद्याला, काकांच्या केळीच्या वखारीत
घडांवर घोंगावायची ती हीच.
काकू पंचा फटकारत म्हणायची,
मेली कुठून येतात देव जाणे!
आता मला माहीत आहे:
पोस्टाने येतात. खोक्यावर ‘जिवंत’ असा शिक्का असतो.

केसाएवढ्या बारीक दोन नळ्या.
एकीत साखरेचं पाणी,
दुसरीत तेच, आणि शंभरात पंधरा भाग दारू.
पहिल्या दिवशी बिचकतात.
तिसऱ्या दिवशी दुसरी नळी आधी उतरते.
पाचव्या दिवशी मी तिच्यात क्विनीन टाकते, कडू जहर,
तरी उतरते.
मी मिलिमीटर लिहून घेते.
एखादं कलंडतं, पाय वर करून
तळाशी पडून राहतं थोडा वेळ,
मग उठतं, पंख पुसतं
सभेला निघाल्यासारखं,
आणि नळीकडेच जातं.

चाळीस वाणांत एक निघाला. एकतीस-ब.
समोर आली तर चाखतो,
पण परत जात नाही.
प्रिचर्ड सरांनी त्या संध्याकाळी सगळ्यांना पबमध्ये नेलं,
एकतीस-बच्या नावाने ग्लास उंचावले.
मॉयराने कोट चढवला. म्हणाली, माझी बस आहे.

डिसेंबरात रजेवर निघताना
मी तिच्यापुढे दारूच्या कपाटाची चावी धरली.
ती पातेल्यात पळा फिरवत होती. वळली नाही.
“चावी तुझ्याकडेच ठेव.”
मग बऱ्याच वेळाने:
“नऊ वर्षं झाली. आतल्या बाटल्यांची लेबलं
मीच लावलीयत.”

जानेवारीत एकतीस-बची दुसरी परीक्षा.
एक वास, आणि वासासोबत विजेचा चटका.
कुठलंही चिलट तो वास दिवसभर टाळतं.
एकतीस-ब दहाव्या मिनिटाला तिथेच हजर,
नव्या पाहुण्यासारखा.
पुन्हा केलं. पुन्हा तेच.
त्याला मोह नव्हता असं नाही.
त्याला कालच नव्हता.

मॉयराला सांगितलं तेव्हा तिने गॅस बारीक केला.
“म्हणजे विसरतं?”
हो.
“सगळंच?”
आम्ही विचारलं तेवढं तरी सगळंच.
तिने झारीने शिजलेलं पीठ
बाटल्यांत ओतायला घेतलं. एक ओळ. दुसरी.
“रुआरी चार वर्षांचा होता. बालवाडीच्या दारात
तीन तास उभा होता बर्फात,
आणि मी कुठे होते हे मला पबवाल्याने सांगितलं.
त्याची लाल टोपी मला रोज दिसते.
मी तहानेला रोज तीच दाखवते.”
तिसरी ओळ.
“तुझं ते एकतीस-ब, टोपीचं काय करतं?”

माझ्या तक्त्यात त्याच्यापुढे लिहिलेलं होतं:
स्मरणात दोष.
खोडलं नाही. विज्ञान तसं चालत नाही.
पण पेन्सिलीने बाजूला एक टिंब दिलं,
ज्याचा अर्थ सरांनी विचारला तर
मला सांगता येणार नाही.

दुपारी डब्यातलं केळं सोललं.
कुठूनसं एक चिलट आलं, सुटलेलं,
कुठल्या वाणाचं कोण जाणे.
सालीवर बसलं, उडालं,
परत आलं.
मेलं कुठून येतं, मी म्हटलं,
आणि हात उचलला नाही.